अपांचा हातगुण

१७ मे, शनिवार

ही वही मेदेतसाठी घेतली होती. नातवाचा पहिला दात, पहिला शब्द, पहिलं पाऊल लिहून ठेवायचं म्हणून. आतापर्यंत दोन दात आणि एक ताप एवढंच लिहून झालंय. आजचं मात्र लिहायलाच हवं.

अपांना, माझ्या सासूबाईंना, आज सत्तर पूर्ण झाली. सकाळीच अल्माटीहून बाय-अगा नवीकोरी गाडी घेऊन आले. दाउरेनचे, माझ्या नवऱ्याचे, हे थोरले भाऊ. सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषांची नावं सुनेनं घ्यायची नाहीत, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना 'बाय-अगा' केलं, म्हणजे श्रीमंत दादा. तेव्हा त्यांच्याकडे सायकलसुद्धा नव्हती. घर पोट धरून हसलं होतं.

"आज कापचागाय," ते म्हणाले. "अपाला तळ्यात पाय बुडवू दे."

अपा पुढच्या सीटवर, मागे दाउरेन, मी, आणि माझी लेक अकबोता मेदेतला मांडीवर घेऊन. पण तळ्यावर असा वारा सुटला होता की बाउर्साकांचा डबा उघडला आणि तळलेल्या गोळ्यांबरोबर वाळूही दाताखाली आली. मेदेत रडायला लागला. अपा म्हणाल्या, "घरी चला, घरी खाऊ." बाय-अगांनी रस्त्यापलीकडच्या उंच इमारतीकडे बोट दाखवलं. "तिथे जेवण स्वस्त असतं. वारा नाही, वाळू नाही."

कॅसिनो होता. लहान मूल आत नेता येत नाही, म्हणून अकबोता मेदेतला घेऊन शेजारच्या हॉटेलात बसली. आम्ही जेवलो. मग बाय-अगा अपांना मशीनच्या रांगांकडे घेऊन निघाले.

"नमाज पढणारी बाई मी. मला कुठे नेतोस?"

"तुला कोण खेळायला सांगतंय? पैसे माझे, मशीन त्यांचं. तू नुसतं बटण दाब. लिफ्टचं दाबतेस ना?"

"लिफ्ट मला तिसऱ्या मजल्यावर नेते. हे कुठे नेणार?"

दाउरेन हसून खाली बसला. अपांच्या हाताबद्दल आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. मूल चालायला लागलं की त्याच्या पायांत दोरी बांधून ती कुणाकडून तरी कापून घ्यायची, आणि कापणाऱ्याचे गुण मुलात उतरतात. आमच्याकडे तो मान कायम अपांचा. एकतीस मुलांची दोरी त्यांनी कापली. त्यातलं एकही ठेचकाळलं नाही, वाया गेलं नाही. मेदेतची दोरी सप्टेंबरात कापायची असं अपांनी स्वतःच ठरवून ठेवलंय. "तोवर हा हात मला सांभाळायला हवा," असं त्या येताना गाडीत म्हणाल्या होत्या, आणि तळवा चोळत, "आज सकाळपासून मुंग्या येतायत. अवघडला असेल."

ते बाय-अगांना मशीनसमोर आठवलं. "कुठल्या हाताला मुंग्या? उजव्या? तळव्याला?" त्यांनी अपांचा तळवा उघडून त्याचं चुंबन घेतलं. "म्हणजे पैसा दारात उभा आहे."

सहाव्यांदा बटण दाबलं आणि मशीन गायला लागलं. बाय-अगांच्या वर्षभराच्या कमाईएवढे पैसे! अपा घाबरून उठल्या. त्यांना वाटलं, आपण काहीतरी बिघडवलं.

२४ मे

बाय-अगांनी अपांसाठी मखमली बंडी आणली, सोनेरी वेलबुट्टीची, दोन्ही बाजूंना खिसे. मेदेतला ढकलगाडी. चार वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या वर्षाच्या जेवणाच्या वेळी हे दोघे भाऊ भांडले होते. त्यानंतर बाय-अगा पहिल्यांदाच आमच्या टेबलाशी बसले. अपा काही खातच नव्हत्या. या मुलाकडून त्या मुलाकडे नुसत्या बघत होत्या.

मी चहा ओतत होते. तेवीस वर्षं ओततेय. कुणाला अर्धा पेला, कुणाला दूध जास्त, हे मला झोपेतही सांगता येईल.

३१ मे

पुन्हा कापचागाय. अपांच्या हाताला आज काहीच होत नव्हतं. तीन तास बसलो आणि मशीननं सगळं गिळलं.

परतताना बाय-अगा म्हणाले, "मुंग्या नव्हत्या ना. आपलीच चूक. घाई केली."

दाउरेन गंभीरपणे म्हणाला, "हो. आधी विचारायला हवं होतं." माझा नवरा गणिताचा मास्तर आहे.

१३ जून, शुक्रवार

गेलेल्यांच्या नावानं सात शेल्पेक लाटायचे आणि तळायचे असतात. अपा लाटतात, मी तळते. पाचव्या पोळीला लाटणं त्यांच्या हातून सुटलं. मग चहाचा पेला सुटला. खळकन फुटला. अपांनी हाताकडे असं पाहिलं जसं आपण उद्धट पोराकडे पाहतो.

"मुंग्या?" मी विचारलं.

"बाई गं, वारूळच म्हण."

खालच्या मजल्यावरच्या राइसा पेत्रोव्ना तेवढ्यात मीठ मागायला आल्या. जन्मभर दवाखान्यात नर्स होत्या. त्यांनी मीठ बाजूला ठेवून अपांना हात समोर धरायला लावले, डोळे मिटायला लावले. उजवा हात हळूहळू खाली उतरला.

"शोल्पान, रक्तदाब कधी मोजला होतास हिचा?"

"मार्चात, नवरोजच्या आधी."

"उद्याच्या उद्या दवाखान्यात ने. उद्या म्हणजे उद्या."

"नेते," मी म्हणाले. आणि न्यायचंच होतं. पण दाउरेननं दारामागून 'मुंग्या' एवढाच शब्द ऐकला होता. तो फोन घेऊन गच्चीत गेला.

१४ जून, शनिवार

शनिवारी दवाखान्यात धड डॉक्टर नसतातच. सोमवारी नेईन.

आज कापचागायला पैसे मिळाले. पहिल्याइतके नाही, पण मिळाले. म्हणजे बाय-अगांचं म्हणणं अगदीच वेडगळ नाही. दोनदा मुंग्या, दोनदा यश. मुंग्या नाहीत, काही नाही. मी भूगोल शिकवते. वारा कुठून आला की पाऊस येतो, हे मुलांना असंच तर सांगते.

एक गोष्ट लिहिते, ती कुणाला सांगण्यासारखी नाही. तिथे एक मुलगी चहा आणून देते. मी अपांच्या शेजारी मऊ खुर्चीत बसलेली असते आणि ती वाकून विचारते, "ताई, दूध घालू?" आज तिने विचारलं तेव्हा मला रडूच आलं. तिथे घड्याळ नाही, खिडकी नाही, घरातलं काही आठवत नाही. अपांनी त्या मुलीसाठीसुद्धा दोन्ही तळवे उघडून दुवा मागितली, "नांदती राहा, बाळ." मग तेच तळवे चेहऱ्यावरून फिरवले. उजवा गालावरून घसरला.

२ जुलै

सोमवार होऊन दोन सोमवार गेले. शाळेचे निकाल, मेदेतचे कान, एक ना दोन. गोळ्या मात्र आणल्यात, औषधांच्या दुकानातल्या बाईला विचारून.

अपांनी आज मला 'कुल्याश' म्हणून हाक मारली. कुल्याश त्यांची बहीण, जाऊन नऊ वर्षं झाली. मी ओ दिली. त्यांना बरं वाटत असेल तर माझं काय जातं?

मेदेत टेबलाला धरून उभा राहिला!

१९ जुलै, शनिवार

आज दवाखान्याची वेळ घेतली होती, साडेनऊची. पहाटे अपा स्वयंपाकघरात आल्या. हात बंडीच्या खिशात.

"शोल्पान-जान, पोरांना सांगू नकोस. आलंय परत."

"मग दवाखान्यातच जायचंय आपल्याला."

"दवाखान्यात चल. तिकडे नको. आज तिकडे नको गं."

"बरं," मी म्हणाले.

साडेआठला बाय-अगांचा फोन आला, सहज, मेदेतची चौकशी करायला. दाउरेन बाहेर गेला होता, म्हणून मी घेतला. "अपा कशी आहे?" त्यांनी विचारलं. "तिचा हात?"

मी खोटं बोलत नाही. लहानपणापासून नाही. मला ते जमतच नाही.

दहा वाजता आम्ही गाडीत होतो. इली नदीच्या पुलावर अपा म्हणाल्या, "माझी मुलं एका गाडीत बसली आहेत. पुष्कळ झालं." मला वाटतं त्यांनाही आवडतंच. नाहीतर पुढचं दार स्वतः कशाला उघडलं असतं?

आज बरंच मिळालं. दाउरेन म्हणाला, या वर्षी अकबोताला पुन्हा दंतवैद्यकीला घालू. नवऱ्यानं टाकल्यापासून पोरगी पहिल्यांदा नीट हसली. हे सगळं अपांच्या हातामुळेच. मग सांगितलं ते चुकलं असं कसं म्हणू?

९ ऑगस्ट

अपा मेदेतची दोरी विणतायत. काळी लोकर आणि पांढरी लोकर. काळं कुठलं, पांढरं कुठलं ते पोराला कळावं, दुसऱ्याच्या वस्तूला त्यानं हात लावू नये, म्हणून दोन रंग. एकतीस दोऱ्या त्यांनी एकेका संध्याकाळीत विणल्या. ही आठ दिवस झाले, वीतभरच झालीये. पीळ सैल पडतोय. मी म्हटलं, "द्या, मी पूर्ण करते." त्यांनी दोरी छातीशी धरली.

हाताचं त्या आता सांगत नाहीत. विचारलं की म्हणतात, "दगडासारखा ठणठणीत आहे." पण मला कळतं. मुंग्या आल्या की त्या पेला डाव्या हातानं उचलतात आणि 'कढत आहे' म्हणतात. कंगवा मला देतात. गेल्या शनिवारी मी जेवताना नुसतं दाउरेनकडे बघितलं आणि त्यानं गाडीची वेळ ठरवली. अपांनी ते पाहिलं.

राइसा पेत्रोव्ना जिन्यात भेटल्या. "दाखवलंस?"

"वेळ घेतलीये."

"जूनची जुलैत घेतली होतीस, जुलैची आता ऑगस्टात. शोल्पान, वारूळ नाही ते. हातात नाही, डोक्यात आहे. मी असे किती पाहिले."

"सप्टेंबरात दोरी कापायचा कार्यक्रम झाला की अल्माटीच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेणार आहोत. बाय-अगा नेणार आहेत. पैशांची आता अडचण नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पूर्वी मायाळू होत्या. वय झालं की माणूस कडवट होतो.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळी अपांनी डाव्या हातानं दार उघडलं, डाव्या हातानं रुमाल बांधला. गाठ सुटली. मी बांधून दिली. मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, गाडी खाली उभीच होती.

"आज तो जॅकपॉट येणार," बाय-अगा म्हणाले. "मोठा. मला स्वप्न पडलं."

"तुला स्वप्नं पडतात, झोप माझी उडते," अपा म्हणाल्या. आम्ही हसलो. त्यांची जीभ जरा जड वाटली. पण उन्हाळा आहे.

आत थंडगार होतं. अपांना त्यांच्या नेहमीच्या मशीनसमोर बसवलं. आता तिथले लोकही त्यांना ओळखतात, जागा सोडतात. कोणी कोणी येऊन बाहीला हात लावून जातं. बाय-अगांनी कार्ड घातलं.

"दाब, अपा."

अपा मांडीवरच्या हाताकडे बघत होत्या. दुसऱ्या कुणीतरी आपली वस्तू त्यांच्या मांडीवर विसरून गेल्यासारखं.

"दाब ना!"

"थकल्यात," दाउरेन म्हणाला. "शोल्पान, जरा मदत कर."

मी त्यांचा हात उचलला. किती जड होता! आणि गार. बटणावर ठेवला, त्याच्यावर माझा तळवा ठेवला आणि दाबलं. चित्रं फिरली, थांबली. पुन्हा दाबलं. अपांची बोटं माझ्या बोटांखाली मळलेल्या कणकेसारखी होती, जिकडे वळवावी तिकडे वळत. चहावाल्या मुलीनं माझ्याजवळ पेला ठेवला. मी मोजत होते. नवव्यांदा दाबलं आणि सगळी रांग उजळली.

असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. घंटा, गाणं, टाळ्या. बाय-अगा गुडघ्यांवर बसले. दाउरेननं मला उचललं, तेवीस वर्षांत पहिल्यांदा, लोकांसमोर. "अपा, बघा! अपा, बघा ना!" मी ओरडत होते.

अपा हसत होत्या. मला वाटलं हसतायत. तोंडाची एकच बाजू वर गेलेली होती. दुसऱ्या कोपऱ्यातून लाळ हळूहळू नव्या बंडीवर उतरत होती. त्या मशीनकडे बघत नव्हत्या. कुणाकडेच नाही.

चहावाली मुलगी किंचाळली तेव्हा मला कळलं.

२४ ऑगस्ट

जिवंत आहेत. उजवी बाजू गेली. शब्दही गेले.

२८ ऑगस्ट

डॉक्टर तरुण आहेत, अकबोताहून फार मोठे नसतील. त्यांनी आम्हाला बाहेर बाकावर बसवून विचारलं, "याआधी हातात मुंग्या, बधिरपणा, वस्तू हातातून निसटणं, असं काही?"

बाय-अगा खिडकीबाहेर बघायला लागले. दाउरेन माझ्याकडे.

"त्याच दिवशी सकाळी," मी म्हणाले.

"फक्त त्याच दिवशी?"

"हो."

डॉक्टरांनी मान हलवली. "सहसा आधी बऱ्याचदा होतं. महिने महिने. तेव्हा आणलं तर आम्हाला पुष्कळ करता येतं. पण घरच्यांच्या लक्षात येत नाही, तुमचा दोष नाही. कुणी तारखा लिहून ठेवत नाही ना."

वही माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती. अपांची औषधं आणि मेदेतचं टोपडं, त्यांच्यामध्ये.

६ सप्टेंबर

अपा घरी आल्या. दाउरेननं खोली रंगवून घेतली, नवा पलंग आणला, चाकांची खुर्ची आणली, सगळ्यात महागाची. बाय-अगा रोज येतात. रडतात, बसतात, फळं ठेवतात. शब्द थोडे परत आले आहेत, पण एका मागे एक लागत नाहीत. 'पाणी.' 'मेदेत.' 'दोरी.'

राइसा पेत्रोव्ना दिवसातून दोनदा येऊन अपांची कूस बदलतात. माझ्याशी बोलत नाहीत.

अपांच्या उशाखाली ती अर्धी विणलेली दोरी सापडली. उरलेली अकबोतानं विणली. कुठून कुणी विणली ते दिसतं. सैल पीळ आणि मग घट्ट.

१४ सप्टेंबर, रविवार

आज मेदेतची दोरी कापली. अंगणात पांढरं कापड अंथरलं होतं, आळीतले सगळे आले होते. त्या एकतिसांपैकी किती तरी जण होते. काहींना मिशा आल्या आहेत.

बायका कुजबुजत होत्या की या वेळी दुसऱ्या कुणाला तरी सांगा. दाउरेननं अपांना वाकून विचारलं, "अपा, शोल्पानला कापू दे का?" अपांनी मान हलवली. नाही. खुर्ची पुढे घ्या, अशी खूण केली.

अकबोतानं मेदेतला दोन्ही दंडांना धरून उभं केलं. काळीपांढरी दोरी त्याच्या पायांत. मला वाटलं, अपांच्या मनात काय आहे ते मला कळलंय. उजवा हातच लागणार, तोच तर तो हात. मी सुरी घेतली, अपांच्या उजव्या मुठीत ठेवली, त्यांची बोटं मिटवली आणि वरून माझा तळवा धरला. हळूच दोरीकडे नेऊ लागले.

अपांनी डावा हात आणला. माझी बोटं एकेक करून सोडवली. आधी करंगळी. मग तिच्या शेजारचं. घाई नव्हती. अंगठा सोडवला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मागे सरले.

मग त्यांनी सुरी डाव्या हातात घेतली आणि कापायला लागल्या. फार वेळ लागला. सैल पिळाच्या जागी सुरी फिरत राहिली. सगळे त्या सुरीकडे बघत होते. मेदेतसुद्धा खाली वाकून बघत होता. शेवटचा पांढरा धागा तुटला तेव्हा अकबोतानं त्याला सोडलं. तो तीन पावलं चालला, सरळ अपांच्या खुर्चीकडे, आणि त्यांच्या पायांशी धपकन बसला. बायकांनी चॉकलेट-गोळ्या उधळल्या, पोरं त्यांवर तुटून पडली, मी ढसाढसा रडले.

बाय-अगा डोळे पुसत खुर्चीजवळ आले. अपांचा डावा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "डावासुद्धा! दाउरेन, पाहिलंस? अपाच्या डाव्यालाही गुण आहे!"

लोक हसले. दाउरेनही हसला, जरा उशिरानं.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर मी अपांच्या खोलीत चहा घेऊन गेले. दूध जास्त, अर्धा पेला, त्यांना लागतो तसा. अपा खिडकीशी बसल्या होत्या. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. बोटं चोळत होत्या, एकमेकांवर, सावकाश.

"अपा, हाताला काही होतंय का?"

त्यांनी डावा हात उचलला आणि मखमली बंडीच्या खिशात घातला. पार मनगटापर्यंत. मी पेला पुढे केला, त्यांनी तोंड वळवलं. चहा गार होईपर्यंत मी उभी होते. हात खिशातून बाहेर आला नाही.

बाय-अगांना भिऊन लपवला असेल, असं आधी मला वाटलं. पण त्यांची गाडी गेल्याचा आवाज मी केव्हाच ऐकला होता. खोलीत त्यांच्यासमोर मी एकटीच होते.